शब्दांच्या आधीचं बोलणं: स्वमग्न मुलाचा संवाद घरी कसा वाढवायचा

साडेतीन वर्षांची एक मुलगी. हातात साबणाच्या फुग्यांची बाटली, झाकण घट्ट बसलेलं. ती आईकडे बघत नाही, तोंडातून आवाजही काढत नाही. आईचं मनगट धरते, आईची बोटं झाकणावर नेऊन ठेवते आणि थांबते. आई झाकण उघडून देते आणि माझ्याकडे वळून म्हणते, "बघितलंत? एक शब्द बोलत नाही."

मला मात्र त्या पाच सेकंदांत बरंच काही ऐकू आलेलं असतं. आपल्याला काय हवंय ते तिला पक्कं ठाऊक आहे. ते आपल्याला जमत नाही हेही ठाऊक आहे, आणि कोणाला जमेल तेही. निरोप पोचलासुद्धा. फक्त तो आईला न देता आईच्या हाताला दिला. हातापासून माणसापर्यंतचं हे अंतर कापणं, हेच पहिलं काम. शब्द त्या वाटेवर कुठेतरी भेटतात, कधी लवकर, कधी फार उशिरा, कधी भेटतही नाहीत.

स्पीच थेरपीच्या कामात माझा निम्मा वेळ मोठ्या माणसांना गप्प बसायला शिकवण्यात जातो. पुढे जे लिहिलंय ते मुख्यतः त्यांच्यासाठी, म्हणजे दोन ते सात-आठ वर्षांच्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या घरच्यांसाठी.

आधी कान, मग वही

"हाक मारली तरी वळत नाही" ही तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा श्रवणतपासणी करून घ्यायला सांगते. "टीव्हीवरची जाहिरात लागली की धावत येतो, म्हणजे ऐकू येतंच की," हे उत्तर पुरेसं नाही. काही स्वर ऐकू येतात आणि काही येत नाहीत, असं होऊ शकतं. मूल सहकार्य करत नसलं तरी झोपेत करता येणारी बेरा तपासणी असते. ती झाली की ती शंका बहुतांशी मिटते.

मग एक साधी वही घ्या आणि आठवडाभर लिहा. तीन रकाने पुरतात: मुलाने काय केलं, कशासाठी केलं असावं, त्यावर काय झालं. "चपला आणून माझ्यासमोर टाकल्या. बाहेर जायचंय. नेलं." "ताट ढकललं. नको. मी ओरडले." "पंख्याकडे बघून हसला. माहीत नाही. कोणी लक्ष दिलं नाही." इतकं कोरडं लिहा. "हट्ट केला", "त्रास दिला" असे शब्द टाळा, कारण ते लिहिले की कशासाठी हा रकाना रिकामा राहतो.

आठवड्याअखेर बहुतेक वह्यांचं चित्र एकसारखं दिसतं. मागणं आणि नाकारणं यांच्या नोंदी भरपूर. नुसतं दाखवण्यासाठी, "ए, ते बघ ना!" म्हणण्यासाठी केलेलं जवळपास काहीच नाही.

ही रिकामी जागा महत्त्वाची. सर्वसाधारण वाढीत साधारण ९ ते १४ महिन्यांच्या काळात बाळ दोन वेगळी बोटं दाखवायला लागतं. एक "ते दे" म्हणणारं, दुसरं "ते बघ" म्हणणारं. दुसऱ्या बोटातून बाळाला काही मिळवायचं नसतं, चंद्र पाहिल्याचा आनंद वाटून घ्यायचा असतो. दोघांची नजर एकाच गोष्टीवर असताना आई "चंद्र" म्हणते आणि शब्द त्या गोष्टीला चिकटतो. मूल पंख्याकडे बघत असेल आणि आई "चंद्र बघ, चंद्र" म्हणत असेल, तर तो शब्द हवेतच राहतो. स्वमग्न मुलांमध्ये "दे" पुष्कळदा येतं, पण "बघ" मागे राहतं, आणि त्यासोबत शब्दही. म्हणून शब्दांची पाठांतरं घेण्याआधी एकत्र बघणं वाढवायचं.

उलट बाजूही लक्षात ठेवा. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेचं जे पहिलं गाजलेलं वर्णन लिहिलं, त्यातल्या ११ मुलांपैकी ८ जणांना बोलता येत होतं. तरी आपलं म्हणणं दुसऱ्याला कळवायला ती मुलं भाषा फारशी वापरत नाहीत, असं त्यांनी नोंदवलं. शंभर शब्द येणं आणि संवाद होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याच्या खेळात पाहुणे म्हणून जा

दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटं. फोन दुसऱ्या खोलीत. जमिनीवर, मुलाच्या समोर, तुमचा चेहरा त्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर येईल असे बसा. गरज पडली तर पालथे झोपा.

तो गाडी उलटी करून चाक फिरवत असेल, तर "गाडी अशी चालवतात" म्हणून ती सुलटी करू नका. दुसरी गाडी घ्या, उलटी करा, तुम्हीही चाक फिरवा. तो थांबला की थांबा. त्याने "ऊऊ" केलं की तुम्ही "ऊऊ" करा. हे करताना मोठ्या माणसांना फार अवघडल्यासारखं होतं, विशेषतः आजी-आजोबा दारातून बघत असतील तर. पण आपली नक्कल करणाऱ्या माणसाकडे स्वमग्न मुलं जास्त बघतात, हे १९८० च्या दशकापासून प्रयोगांत दिसत आलंय. दोन-चार दिवसांनी मूल मुद्दाम चाक थांबवून तुम्ही थांबता का ते तपासतं. तो क्षण वहीत तारखेसह लिहा. मागणी नाही, नकार नाही, नुसता दुसऱ्या माणसात रस, अशी ती पहिली नोंद असू शकते.

एक गोष्ट करू नका: हनुवटी धरून "माझ्याकडे बघ" म्हणणं. मोठेपणी स्वतःबद्दल सांगू शकणाऱ्या अनेक स्वमग्न व्यक्ती म्हणतात की डोळ्यांत बघायला लावलं तर ऐकणं बंद होतं, काहींना ते असह्य होतं. खांदे तुमच्याकडे वळले, हालचाल थांबली, तर लक्ष आहे असं समजा. नजर आपोआप आली तर आनंद आहे, पण ती वसूल करू नका.

थांबायचं कसं

हे सगळ्यांत सोपं दिसतं आणि सगळ्यांत अवघड जातं, म्हणून जरा सावकाश सांगते. पुन्हा त्या फुग्यांच्या बाटलीकडे येऊ.

पहिले दोन-तीन वेळा काही न मागता फुगे सोडा. मुलाला त्याची चटक लागू द्या. फुंकण्याआधी दर वेळी तेच म्हणा: "एक, दोन... फूऽऽ!" खेळाची चाल त्याला पाठ झाली पाहिजे, कारण पाठ असलेली गोष्ट अडली तरच पुढच्याची वाट पाहिली जाते.

मग कडी द्रावणात बुडवा, ओठांजवळ आणा, "एक, दोन..." म्हणा आणि थांबा. चेहऱ्यावर "आता काय?" असा भाव. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. दहा म्हणजे खरोखर दहा. बहुतेक पालक तीनला फुंकतात किंवा चारला "बोल, फुगा बोल!" म्हणतात. स्वमग्न मुलाला ऐकलेलं समजून घेऊन आपल्या शरीराकडून उत्तर काढायला अनेकदा जास्त वेळ लागतो. आपण मध्येच दुसरं वाक्य टाकलं की त्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

त्या दहा सेकंदांत काहीही आलं, ओझरती नजर, पुढे झुकणं, ओठांचा चंबू, "ऊ", तुमच्या हाताला स्पर्श, तर त्याच सेकंदाला "फूऽऽ!" करून फुगे. शाबासकी, टाळ्या, "गुड बॉय" काही नको. फुगे हीच शाबासकी. काहीच आलं नाही तर मदत वाढवा: कडी जराशी त्याच्याकडे सरकवा, गाल फुगवा, अर्धा श्वास घ्या. तरी नाही, तर फुंकून टाका आणि खेळ चालू ठेवा. रडेपर्यंत अडवून ठेवायचं नाही. रडून वस्तू मिळते, एवढाच धडा त्यातून मिळतो.

आठवड्याभराने पायरी वाढवा. नुसतं झुकणं येत असेल तर आणखी दोन सेकंद थांबून बघा, आवाज जोडला जातो का. अशा जागा दिवसभरात सापडतात. झोका वरच्या टोकाला धरून ठेवणं, पाठ असलेल्या गाण्याचा शेवटचा शब्द गाळणं, एकच मोजा देणं. पण दिवसाला पाच-सहाच. प्रत्येक वस्तू शिंकाळ्यावर टांगून ठेवली तर मुलाच्या दृष्टीने घराची परीक्षा होते आणि ते मागणंच सोडून देतं. तहान, शी-शू आणि दुखणं यांच्या बाबतीत तर कधीच अडवू नका.

प्रश्न गिळा

"हे काय आहे? कुठला रंग? गाय कशी करते?" हे सगळं आपण प्रेमापोटी विचारतो. मुलाला मात्र त्यात एकच दिसतं: हा माणूस आला की परीक्षा येते. एका प्रश्नामागे निदान चार वेळा नुसतं सांगा. तो ज्याकडे बघतोय त्याबद्दल, छोट्या वाक्यात. "पडलं." "अरे, ओलं झालं." "मोठ्ठा फुगा."

मूल जेवढं बोलतं त्याच्या एक पाऊल पुढे रहा. शब्द नसतील तर एकेक शब्द आणि आवाज. "फुगा" म्हणत असेल तर "फुगा फुटला". "फुगा फुटला" म्हणत असेल तर "मोठा फुगा फुटला". पण सोपं करण्याच्या नादात मराठी मोडू नका. "बाळ पाणी पी" यापेक्षा "पाणी पितोय" बरं. आपल्या भाषेत कोण, कधी हे सगळं क्रियापदाच्या शेपटीत असतं. ती कापली तर मुलाने ते शिकायचं कुठून?

आणि घरी घरचीच भाषा बोला. दोन भाषांमुळे गोंधळ होईल या भीतीने कित्येक घरं तोडक्यामोडक्या इंग्रजीवर जातात. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलांची भाषा मागे पडते असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. नुकसान वेगळ्याच ठिकाणी होतं: आई ज्या भाषेत लाडाने बोलू शकते, रागावू शकते, गुणगुणू शकते, तीच गप्प होते.

आपण नक्की काय करतो हे कळण्याचा उत्तम उपाय म्हणजे पाच मिनिटं स्वतःचं चित्रीकरण. फोन कपाटावर टेकवून ठेवा, खेळा, मग बघा. आपण कुठे घाई केली, मुलाची कुठली नजर आपल्याला दिसलीच नाही, ते लख्ख दिसतं. 'पॅक्ट' नावाच्या ब्रिटिश उपचारपद्धतीचा गाभा हाच आहे: थेरपिस्ट पालकांना त्यांचंच चित्रीकरण दाखवून काम करतो. १५२ मुलांवरच्या या चाचणीचा पाठपुरावा २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. उपचार संपल्यावर जवळपास सहा वर्षांनीही, 'पॅक्ट' मिळालेल्या आणि फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या मुलांच्या लक्षणांतला फरक टिकून होता. पहिला व्हिडिओ बघून बहुतेक पालक खट्टू होतात. होऊ द्या. महिन्याने दुसरा काढा.

चित्रं दिली तर बोलायचं विसरेल का?

नाही. हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो की आकडा सांगूनच टाकते. २००६ मध्ये जुन्या अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. चित्रं, खुणा, बोलणारी उपकरणं वापरणाऱ्या विकासात्मक अडचणी असलेल्या व्यक्तींचं बोलणं वाढतं की घटतं, हे त्यात तपासलं होतं. ज्यांच्याबद्दलचा पुरावा भक्कम होता अशा २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नाही. ८९ टक्क्यांचं थोडंफार वाढलं.

सुरुवात अशी करा. मुलाच्या सर्वांत आवडत्या एकाच वस्तूचा स्पष्ट फोटो. वस्तू तुमच्या हातात, फोटो मुलासमोर. मूल वस्तूकडे झेपावलं की मागे बसलेला दुसरा मोठा माणूस त्याचा हात अलगद फोटोकडे नेतो, फोटो तुमच्या तळव्यावर ठेवायला लावतो. तळव्यावर फोटो आला की लगेच वस्तू, सोबत तिचं नाव. मागचा माणूस हळूहळू मदत काढून घेतो. १९८५ मध्ये अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी मांडलेल्या 'पेक्स' पद्धतीची ही पहिली पायरी. यातलं मर्म फोटोत नाही, तळव्यात आहे: निरोप माणसाच्या हातात द्यावा लागतो. सुरुवातीच्या मुलीला नेमकं हेच हवं होतं.

पुढे चित्रांचा बोर्ड किंवा टॅबवरचं बोलणारं अॅप आलं तर ते आधी तुम्ही वापरा. बोलताना त्यावर बोट ठेवत जा, तो बघतोय की नाही याची फिकीर न करता. "नको", "संपलं", "थांब", "मदत" हे शब्द पहिल्या पानावर असू द्या. नुसत्या वस्तूंची यादी असलेला बोर्ड म्हणजे दुकानातली पाटी. आणि शिक्षा म्हणून टॅब काढून घेऊ नका, त्याचा तो आवाज आहे.

एक इशारा. दुसऱ्याने हात धरून किंवा अक्षरांचा तक्ता समोर पकडून मुलाकडून वाक्यं "लिहवून" घेण्याच्या पद्धतींपासून लांब रहा. हात धरण्याच्या पद्धतीत शब्द मुलाचे नसून मदतनिसाचे असतात असं तपासणीत दिसलंय, आणि तक्त्याच्या पद्धतीला शास्त्रीय पुरावा नाही; म्हणून अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनने २०१८ मध्ये दोन्हींच्या विरोधात भूमिका घेतली आहे.

पोपटपंचीत अर्थ शोधा

"तुला पाणी हवंय?" असं मूल स्वतःच विचारतं आणि माठाकडे बघतं. त्याला म्हणायचं असतं, "मला पाणी हवंय." पाणी मिळतं तेव्हा जे वाक्य कानावर पडतं, ते त्याने अख्खंच्या अख्खं उचललेलं असतं. याला चूक म्हणून हसू नका आणि "नीट बोल" म्हणूनही थांबवू नका. त्याच्या तोंडी शोभेल असं वाक्य तुम्ही म्हणा, "मला पाणी हवंय," आणि पाणी द्या. बास. "मी-तू" फिरतं चलन आहे, बोलणारा बदलला की माणूस बदलतो. त्यात आपल्याकडे "आम्ही" आणि "आपण" वेगळे. वेळ लागणारच.

कार्टूनमधलं वाक्यही असंच वाचायचं. एक मुलगा दर वेळी दवाखान्यात शिरताना "अरे बापरे, पूल तुटला!" म्हणायचा. त्या कार्टूनमध्ये पुलाच्या प्रसंगी मोठा आवाज होता आणि तो घाबरला होता. त्याच्या भाषेत ते "मला भीती वाटतेय" होतं. हे आम्हाला त्याच्या बहिणीने सांगितलं. मोठ्यांपैकी कोणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

इतर मुलं

"मुलांत सोडा, आपोआप शिकेल" हा सल्ला कोणी दिला तर ऐकून सोडून द्या. दहा मुलांच्या गोंगाटात स्वमग्न मूल बहुतेकदा कान झाकायला शिकतं. एकच मूल निवडा, शांत किंवा निदान समजूतदार. वेळ वीस मिनिटं. खेळ असा, की ज्यात बोलावं लागत नाही पण दुसरा लागतो: उतारावरून गाड्या सोडणं, एकाने रचायचं एकाने पाडायचं. संपण्याची खूण आधी ठरवा आणि दोघं हसत असतानाच संपवा. शक्यतो आवडीच्या विषयावर जोडी जमवा. नकाशे आवडणाऱ्याला नकाशे आवडणारा मिळाला की सामाजिक कौशल्यांचे निम्मे धडे घ्यावेच लागत नाहीत.

आणि त्या दुसऱ्या मुलालाही शिकवा. "तो लगेच उत्तर देत नाही, थोडं थांब. हात हलवतो तेव्हा खूश असतो." स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं की न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंची असते. २०२० च्या एका प्रयोगात प्रौढांच्या साखळीतून कानगोष्टीसारखी एक गोष्ट पुढे पाठवली गेली. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत ती सगळे बिगरस्वमग्न असलेल्या साखळीइतकीच टिकली; मिश्र साखळीत ती जास्त गळाली. तेव्हा वर्गातल्या दुसऱ्या स्वमग्न मुलापासून "त्याचं बघून बिघडेल" म्हणून आपल्या मुलाला लांब ठेवू नका.

ज्या प्रसंगांची भीती वाटते, त्यांच्यासाठी छोटी लिखित गोष्ट उपयोगी पडते. ही पद्धत कॅरल ग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रुजवली. त्यात हुकूम कमी आणि काय घडणार याचं वर्णन जास्त. "केस कापताना मशीनचा आवाज येतो. तो घर्रर्र असा असतो. आई शेजारी बसते. मला थांबायचं असेल तर मी हात वर करू शकतो. मग मशीन बंद होतं." शेवटचं वाक्य खरं ठरलंच पाहिजे. हात वर केल्यावर मशीन चालूच राहिलं तर पुढची गोष्ट तो ऐकणार नाही.

"नको" म्हणायलाही याच वेळी शिकवा, आणि पाहुण्यांना मिठी मारायची नसेल तर ते "नको" मान्य करा. मोठ्यांचं सगळं निमूट ऐकणारं मूल कौतुकाचं वाटतं खरं, पण कोणी वाईट स्पर्श केला तर त्याच्याकडे नकाराचं साधनच नसतं.

वही पुन्हा उघडा

तीन महिन्यांनी पहिला आठवडा आणि ताजा आठवडा शेजारी ठेवून वाचा. शब्द मोजू नका. किती वेगवेगळ्या कारणांसाठी, किती वेगवेगळ्या माणसांशी, किती जागी संवाद झाला ते मोजा. काहीच हललं नसेल तर थेरपिस्टला सरळ विचारा: सध्याचं उद्दिष्ट काय, ते घरी कसं दिसेल, मी सेशनमध्ये बसू शकते का? दार बंद ठेवणाऱ्या आणि अमुक महिन्यांत बोलता करतो अशी हमी देणाऱ्यांकडे वेळ घालवू नका. येत असलेले शब्द गेले, तर मात्र वही बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना दाखवा.

चार वर्षांचा झाला, आता संपलं, असंही नसतं. २०१३ मध्ये अमेरिकेत ५३५ स्वमग्न मुलांची माहिती तपासली गेली. ती चौथ्या वर्षी शब्द जोडून बोलत नव्हती. पुढे, आठ वर्षांची किंवा त्याहून मोठी होईपर्यंत, त्यांतली ७० टक्के मुलं छोटी वाक्यं बोलू लागली होती; त्यांच्यातलीच काही, म्हणजे एकूण मुलांपैकी ४७ टक्के, अस्खलित. उरलेल्यांसाठीच तर चित्रं आणि टॅब वेळेवर सुरू करायचे.

त्या साडेतीन वर्षांच्या मुलीच्या आईची वही मी परवा पाहिली. ताजी नोंद अशी: "बाटली माझ्या मांडीवर ठेवली. वर बघितलं. ओठांचा चंबू केला, फू असा आवाज. शब्द नाही." शेवटचे दोन शब्द तिने स्वतःच खोडले होते. पुढच्या आठवड्यापासून बाटली बाबांकडे द्यायची आणि खेळायचं दुसऱ्या खोलीत, असं आम्ही ठरवलंय.